दूरस्थ पाली-अध्यापन आणि सज्झाय

आचरा हे मालवण तालुक्यातील खाडीकाठचे गाव. तेथून मुंबई विद्यापीठाचा कलिना परिसर सुमारे ५०० किलोमीटर दूर. पाली शिकू इच्छिणाऱ्या तेथील उपासक-उपासिकांना नोकरी, बागायत वा घरसंसार सोडून शहरात येऊन राहणे शक्य नसते. २०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन वर्ग वाढले आणि आचऱ्याकडील काही धम्मबांधव आमच्या वर्गात येऊ लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पालीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून अशा वर्गांविषयी आमच्याकडे विचारणा होते. म्हणून आमची पद्धत कोठे चुकली हे येथे नमूद करीत आहोत.

प्रथम आम्ही महाविद्यालयातील तासच जसाच्या तसा पडद्यावर नेला. तासभर व्याख्यान आणि विभक्तींचे तक्ते. पावसाळ्यात वीज जाई, संपर्क तुटे. तृतीयेवर गेलेला विद्यार्थी परत येई तो षष्ठीवर. घरातील एकुलता मोबाइल शाळकरी मुलाकडे गेला की उपासिकेचा पाठ संपे. तरीही लेखी उत्तरे बरी येत. दोष ध्यानी आला तो वाचनाच्या वेळी.

मराठीत शब्दाच्या अंतीचे इकार-उकार दीर्घ उच्चारण्याची सवय आहे, आणि लेखनही तसेच. त्यामुळे ‘भिक्खु’ हा शब्द बहुतेक जण ‘भिक्खू’ असा वाचीत. पालीच्या प्रथमा विभक्तीत पहिला एकवचनी, दुसरा अनेकवचनी; म्हणजे एका भिक्खूचे उच्चारात अनेक झाले! ‘बुद्धस्स’मधील अन्त्य अकारही असाच गिळला जाई. सर्वांचे माइक बंद ठेवून शिकविणाऱ्या आम्हास हे कळावे तरी कसे?

पाली वाङ्मय इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ग्रंथबद्ध झाले, असे परंपरा सांगते. तोवर ते भाणकांच्या मुखी होते. विद्वानास पालीत ‘बहुस्सुत’ म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. एकापासून अकरापर्यंत चढत्या संख्येने रचलेला अंगुत्तरनिकाय, मातिका, पुनःपुन्हा येणारे वाक्यखंड आजच्या वाचकास कंटाळवाणे वाटतात. परंतु हाती पुस्तक नसलेल्या शिष्याच्या त्या सोयी होत. सज्झाय, म्हणजे मोठ्याने आवर्तन, हा त्या अध्ययनाचा कणा.

ऑनलाइन वर्गात सामुदायिक सज्झाय मात्र साधत नाही. प्रत्येकाचा आवाज निरनिराळ्या विलंबाने पोहोचतो आणि गलका होतो. एकदा केलेला प्रयोग आम्ही पुन्हा केला नाही. त्याऐवजी आता पाच मिनिटांचा ध्वनिमुद्रित पाठ पाठवितो. प्रत्येक शब्दसमूहानंतर तेवढ्याच लांबीची मोकळी जागा असते. तीत विद्यार्थ्याने म्हणावयाचे. चित्रफितीहून ध्वनिफीत पुष्कळ लहान, त्यामुळे क्षीण संपर्कावरही ती उतरते आणि मोबाइल हाती येईल तेव्हा ऐकता येते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते, त्याचे येथे स्मरण होते.

आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याने मिनिटभराचे स्वतःचे वाचन पाठवावयाचे. आम्ही त्यातील एकच चूक आमच्या आवाजात दुरुस्त करून परत पाठवितो. एकदम पाच दाखविल्या की पुढील आठवड्यात वाचन येत नाही, हा अनुभव आहे.

व्याकरणाचा आरंभही आता मुखोद्गत त्रिशरण-पंचशीलातून होतो. ‘सरणं’ ही द्वितीया. ‘गच्छामि’ उत्तमपुरुषी एकवचन. ‘पाणातिपाता’ ही पंचमी, मराठीत ‘प्राणहिंसेपासून’. बालपणापासून म्हटलेल्या शब्दात विभक्ती सापडली की ती सहसा विसरली जात नाही. समोरासमोरचा ऑनलाइन तास पंधरवड्यातून एकदाच, तोही केवळ धम्मसाकच्छेसाठी.

यात शिक्षकाचा वेळ फार जातो. वीस जणांची वाचने ऐकून उत्तरे देण्यास आठवड्याचे तीन तास लागतात. संस्थांनी शेकडोंची नोंदणी करण्यापूर्वी आपल्याकडे ऐकणारे किती आहेत, हे मोजावे. आचऱ्याच्या एका उपासिकेने आता शेजारच्या चौघींची वाचने आधी स्वतः ऐकून मग आमच्याकडे धाडण्यास आरंभ केला आहे. त्यांतील ‘भिक्खु’ ऱ्हस्व येतो.