चेहरा वाचणारी दृष्टी

बँकेच्या दालनात आपण पाऊल टाकतो आणि खिडकीपलीकडील परिचित रोखपाल आपल्याकडे पाहून स्मित करतात. निमिषार्धात पटणारी ही ओळख इतकी सहज असते, की तिच्यामागील मेंदूच्या परिश्रमांचा विचारही मनाला शिवत नाही. वस्तुतः सर्वांना दोन डोळे, एक नाक, एक तोंड. डावी बाजू उजवीसारखीच. तरीही शेकडो चेहऱ्यांतून आपले माणूस आपण अचूक हेरतो.

ही विद्या जन्मजात असते की अर्जित? वर दोन ठिपके आणि खाली एक, अशी आकृती नवजात अर्भकाचे लक्ष वेधून घेते. तीच आकृती उलटी धरली, तर डाव्या-उजव्या बाजूंची सममिती अबाधित राहते. परंतु बाळाचे लक्ष तितके खिळत नाही. म्हणजे चेहऱ्याकडे वळण्याची ओढ निसर्ग देतो. चेहऱ्याचे वाचन मात्र अनुभवानेच साधते.

दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दृष्टिविज्ञानाचे अध्यापन करणारे डॉ. पवन सिन्हा यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ वेध घेतला आहे. प्रकाश कसाही पडो, डोळ्यांचा भाग कपाळ व गालांपेक्षा बहुधा गडदच दिसतो, या साध्या निरीक्षणाला त्यांनी महत्त्व दिले. छायाचित्राच्या निगेटिव्हवरून माणूस ओळखणे कठीण जाते, हा आपला नेहमीचा अनुभव. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निगेटिव्हमधील केवळ डोळ्यांचा भाग मूळ छटांत आणला, आणि ओळख पटणे कितीतरी सुकर झाले.

या शतकाच्या आरंभी त्यांनी भारतात ‘प्रकाश’ प्रकल्प सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदूने अंध असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करायची आणि त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यासही करायचा, असा हा दुहेरी उपक्रम. वय वाढल्यावर अशा शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, हा समज तोवर रूढ होता. पट्टी सुटली, तरी चेहरा आणि चेहरा नसलेली आकृती यांतील भेद या मुलांना प्रथम नीट करता येत नसे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुढील काही महिन्यांत मात्र हे कौशल्य लक्षणीय सुधारले. उशिरा उघडलेल्या डोळ्यांनाही शिकता येते, ही केवढी आश्वासक गोष्ट!

परंतु विलंबाचे मोलही मोजावे लागते. कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की जन्मजात मोतीबिंदूमुळे आयुष्याचे पहिले दोन ते सहा महिनेच दृष्टीला मुकलेल्या मुलांना, उपचारांनंतर नऊ वर्षे उलटूनही, डोळे-नाक-तोंड यांतील अंतरांचे सूक्ष्म फरक टिपणे कठीण जात होते.

वाचकहो, यातील बोध आपल्या घराशी निगडित आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, त्याची नजर स्थिर होत नसली, किंवा आईच्या चेहऱ्यावर ती खिळत नसली, तर ‘मोठे झाल्यावर पाहू’ असे म्हणून थांबू नये. नेत्रतज्ज्ञांना त्वरित दाखवावे. आपण भविष्यासाठी अनेक ठेवी ठेवतो. बालकाच्या दृष्टीची ठेव मात्र पहिल्या काही महिन्यांतच जपावी लागते; तिचे व्याज त्याला आयुष्यभर, आपल्या माणसांच्या ओळखीच्या रूपाने मिळत राहते.