गुणसूत्र सतरावं, पत्ता शेवटच्या टोकाचा

सोरायसिसचे चट्टे आणि स्तनाचा कॅन्सर यांचं आजार म्हणून एकमेकांशी नातं नाही. पण 1990 च्या दशकात या दोन्हींचा माग काढणारे शास्त्रज्ञ एकाच गुणसूत्रावर घिरट्या घालत होते, सतराव्या! आणि दोन्हीकडच्या शोधनिबंधांवर एक नाव दिसतं : अ‍ॅन बोकॉक. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात घडलेल्या या जनुकशास्त्रज्ञ बाईंच्या कामाची ओळख मराठी वाचकाला व्हावी असं फार वाटत होतं. कातडीचा दाह आणि कॅन्सर या दोन्ही वाटा इतक्या चिकाटीनं चालणारी माणसं थोडीच असतात.

एका वर्षात दोन धमाके

1994 साली ‘नेचर’मध्ये बोकॉकबाई आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जगातल्या 14 लोकसमूहांमधली 148 माणसं घेतली, प्रत्येकाच्या डीएनएतल्या फक्त 30 खुणा तपासल्या आणि त्यावरून वंशवृक्ष मांडला. बहुतेक माणसं आपापल्या खंडाच्या फांदीवर जाऊन बसली. कोण कुठलं हे त्या 30 खुणांनी सांगितलं!

त्याच वर्षी, तशाच खुणा वापरून, त्यांच्या चमूनं ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की घराण्यात चालत आलेल्या सोरायसिसचं एक मूळ सतराव्या गुणसूत्राच्या पार शेवटच्या टोकाला आहे. रीत अशी : आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसतो असं मोठं घराणं शोधायचं, आजारी आणि निरोगी दोघांचंही रक्त घ्यायचं आणि डीएनएचा कोणता तुकडा दर वेळी आजाराच्या सोबतीनंच पुढच्या पिढीत उतरतो ते पाहायचं. एक वर्ष आधी स्तनाच्या कॅन्सरच्या बीआरसीए1 या जनुकाची जागा आवळत आणण्यातही त्यांचा हात होता. ते जनुकही सतराव्यावरच, पण बरंच अलीकडे.

तालुका कळला, घर सापडेना

तुकडा सापडला म्हणजे जनुक सापडलं असं नसतं. तालुका कळतो, घराचा दरवाजा कळत नाही. इथे दरवाजापर्यंत पोचायला 18 वर्षं लागली. 2003 मध्ये त्याच भागातला एक वेगळा धागा हाती आला होता, पण खरा ऐवज 2012 मध्ये निघाला : कार्ड14 नावाचं जनुक.

आणि काय योगायोग पाहा. एक घराणं युरोपीय वंशाचं, दुसरं तैवानचं, एकमेकांशी सुतराम संबंध नाही. पहिल्यात कार्ड14 मधलं 349 वं अक्षर बदललेलं होतं. दुसऱ्यात त्याच अक्षरापासून पाच घरं पुढचं. दोन्हीकडे ‘जी’च्या जागी ‘ए’. हजारो मैलांवरच्या दोन घरांत बिघाड जवळजवळ एकाच बिंदूवर! शिवाय एका लहान मुलाच्या अंगभर पुवाच्या फोडांचा उग्र सोरायसिस होता. त्याच जनुकातला तिसरा बदल तिथे सापडला, आई-वडिलांत नसलेला, नव्यानंच उपजलेला.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी. 1979 मध्ये टी-पेशींना दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधानं सोरायसिस ओसरतो हे दिसल्यापासून सगळा दोष रक्तातल्या टी-पेशींवर होता. कार्ड14 मात्र मुख्यतः कातडीच्याच पेशींत काम करतं. ते बिघडलं की दाहाची कळ दाबलेलीच राहते, कातडीच्या पेशी रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावत सुटतात. म्हणजे भांडण कातडीपासूनही सुरू होऊ शकतं. असे बदल असलेली घराणी विरळाच. बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यातला सगळ्यांत मोठा सहाव्या गुणसूत्रावरचा. पण त्या विरळ घराण्यांनी रक्त दिलं म्हणून ही यंत्रणा उघडी पडली.

हे मात्र ठासून सांगायला हवं की सोरायसिस संसर्गजन्य नाही. केस कापायच्या खुर्चीवरून, पोहण्याच्या तलावातून, पंगतीतून या माणसांना लांब ठेवण्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही.

डोळ्यातला डाग

आता कॅन्सर. डोळ्याच्या आत होणारा मेलॅनोमा काही जणांत डोळ्यापुरताच राहतो, काही जणांत यकृतात पसरतो. हा फरक का पडतो? सेंट लुईसला असताना बोकॉकबाई आणि नेत्रतज्ज्ञ विल्यम हार्बर यांच्या चमूनं 2010 मध्ये पसरण्याच्या जातीच्या 31 गाठी तपासल्या. 26 गाठींत एकच जनुक मोडलेलं निघालं : बाप1, गुणसूत्र तिसरं. त्याचं प्रथिन मुळात ओळखीला आलं होतं बीआरसीए1 चा जोडीदार म्हणून! आज आपल्याला माहीत आहे की हा बिघाड जन्मतःच असला तर त्या घरात डोळ्याचा आणि कातडीचा मेलॅनोमा, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, मूत्रपिंडाचा कॅन्सर असे निरनिराळे कॅन्सर दिसू शकतात. अशा घरच्यांचे डोळे नेमानं तपासतात.

ओरखड्यावर उगवणारा चट्टा

सोरायसिसच्या रुग्णाला ओरखडा उठला, घट्ट पट्टा काचला, की बऱ्याचदा नेमक्या त्याच रेषेत नवा चट्टा येतो. चंदेरी खपली हलकेच खरवडली तर खाली रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. निरोगी कातडीची पेशी तळातून वर यायला महिनाभर घेते, इथे काही दिवसांत येते. या चट्ट्याचा पुढे कॅन्सर होतो, ही भीती मात्र काढून टाका.

वर्षानुवर्षांचा काच ही वेगळी गोष्ट. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे वसंत खानोलकर यांनी 1945 मध्येच कमरेवरच्या धोतराच्या काचातून होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरची नोंद केली होती. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या नाडीचा काच, दुसरी चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं आवळून नेसणारी. कमरेवर काळवंडलेला पट्टा असेल तर नाडी रुंद घ्या, सैल बांधा. तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर मलमावर भागवू नका, डॉक्टरला दाखवा.

औषधांची अदलाबदल

अमिनोप्टेरिन हे रक्ताच्या कॅन्सरवरचं जुनं औषध. ते लहान मुलांना देऊन आलेले निष्कर्ष सिडनी फार्बर यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागे होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि लेडर्ली प्रयोगशाळेतली त्यांची माणसं. 1951 मध्ये संधिवातावर तेच देऊन पाहताना रिचर्ड गब्नर यांना दिसलं की रुग्णाचा सोरायसिसही गेला. त्याचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही दोन्हीकडे राबतं. सोरायसिसला ते आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून गोळीचा वार चिठ्ठीवर लिहून घ्यावा.

आणि आपली बावची! तिच्या बियांतल्या सोरालेनच्या वर्गातलं औषध पोटात घेऊन अतिनील किरणांखाली उभं राहायचं, ही उपचारपद्धती 1974 मध्ये सोरायसिसवर गाजली. कातडीच्या एका लिम्फोमावरही तीच चालते. पण वर्षानुवर्षं घेतली तर कातडीचा दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, हेही पुढे सिद्ध झालं. म्हणून आता बहुतेक ठिकाणी सोरालेनशिवायची, अरुंद पट्ट्याची यूव्हीबी किरणं पसंत करतात. बावचीचं तेल घरच्या घरी लावून उन्हात बसू नका. भाजल्यासारखे फोड येतात.