अक्षरं शाबूत, तरी वाचन बंद

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पहिला घाव बहुधा ‘एपीसी’ जनुकावर पडतो. १९९१मध्ये सापडलेलं हे जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालतं. ते बिघडलं की अस्तरावर पॉलिप उगवतो. त्याचा कर्करोग व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात.

मला जास्त नवल ‘एमएलएच-१’चं वाटतं. डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारं हे जनुक, म्हणजे पेशीचा मुद्रितशोधकच. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराच्या काही घराण्यांत त्याची अक्षरंच पिढीजात चुकलेली असतात. पण अनेक वयस्क रुग्णांत अक्षर न् अक्षर शाबूत असतं; जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट चिकटतात आणि ते वाचलंच जात नाही. मुद्रितशोधक हजर, पण तोंडाला कुलूप! गाठीत ‘बीआरएएफ’ जनुकाचा ठराविक बदलही दिसला, तर आजार आनुवंशिक असण्याची शक्यता फारच कमी. भावंडांचा जीव तेवढाच भांड्यात पडतो.