संगणक देखभालीची नोकरी : ‘पॅकेज’ किती, हातात किती?

महाबळेश्वर - थंड हवा, स्ट्रॉबेरी आणि मध यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात संगणक आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. हॉटेलातील खोलीचे आरक्षण, उपाहारगृहाचे बिल, पाचगणीच्या निवासी शाळांतील प्रवेश आणि शुल्क, बॅंकांचे व्यवहार, ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातील दाखले, हे सारे संगणकावर आणि इंटरनेटवर अवलंबून आहे. परदेशी पर्यटक मुक्कामाला उतरला, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळविण्याचे बंधन हॉटेलचालकांवर आहे. जोडणी बंद पडली म्हणून ते टळत नाही. साहजिकच ही यंत्रणा चालू ठेवणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा या पट्ट्यातील अनेक तरुण दहावी-बारावीनंतर किंवा साध्या पदवीनंतर या क्षेत्राकडे वळण्याचा विचार करतात. त्यांचा आणि त्यांच्या पालकांचा प्रश्न एकच असतो : यात पोट भरेल का?

या प्रश्नाला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. मात्र हिशेब मांडता येतो.

मुळात हे काम कोणते, हे आधी समजून घ्यायला हवे. ‘आयटी’ म्हटले, की सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता डोळ्यांसमोर येतो. देखभाल आणि साह्य, म्हणजेच ‘आयटी सपोर्ट’, हे वेगळे काम आहे. त्याच्याही दोन वाटा आहेत. एक, प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचे काम : संगणक जोडणे, बिघडलेला भाग बदलणे, केबल ओढणे, प्रिंटर, राउटर, सीसीटीव्ही चालू करून देणे. दुसरे, पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून दूरध्वनीवरून किंवा दुरून संगणकाचा ताबा घेऊन अडचण सोडविणे. याला ‘सर्व्हिस डेस्क’ म्हणतात. तेथे प्रत्येक तक्रारीला ‘तिकीट’ म्हणतात, ते किती वेळात मिटवायचे हे करारात ठरलेले असते आणि वेळ चुकली, तर जाब विचारला जातो. ग्राहक अमेरिकेतील असेल, तर कामाची वेळ रात्रीची. नवा माणूस पहिल्या पायरीवर, म्हणजे ‘एल-१’वर असतो. पासवर्ड विसरला, ई-मेल उघडत नाही, प्रिंट निघत नाही, अशा तक्रारी त्याच्या वाट्याला येतात. अवघड प्रश्न तो वरच्या पायरीकडे पाठवितो.

हे काम दुय्यम समजले जाते. १९ जुलै २०२४ रोजी मात्र त्याची किंमत साऱ्या जगाला कळली. ‘क्राऊडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बंद पडले. विमानतळांवर रांगा लागल्या, भारतातही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. चूक सॉफ्टवेअरमध्ये होती, तरी बंद पडलेल्या बहुतेक यंत्रांजवळ कोणीतरी जाऊन बसणे, ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करणे आणि सदोष फाइल काढून टाकणे हाच उपाय होता. तो करणारे हात सपोर्टवाल्यांचे होते.

‘पॅकेज’ आणि पाकीट

आता पगाराकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘कॉग्निझंट’ने नवपदवीधरांसाठी वार्षिक २ लाख ५२ हजार रुपयांचे ‘पॅकेज’ जाहीर केले, तेव्हा समाजमाध्यमांवर मोठी टीका झाली. हा आकडा तीन वर्षांच्या बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठी असून अभियंत्यांना वर्षाला ४ लाखांपासून पुढे दिले जातात, असा खुलासा कंपनीने केला. वाद तेथे मिटला. पण बी.एस्सी., बी.सी.ए. करून या क्षेत्रात शिरणाऱ्याला मोठी कंपनीही साधारण काय देते, हे त्या निमित्ताने उघड झाले. लहान कंत्राटदारांकडे सुरवात बहुधा याहूनही खालून होते.

घरच्यांना मात्र ‘अडीच लाखांचे पॅकेज’ एवढेच ऐकू येते. भागिले बारा केले, की २१ हजार रुपये येतात, आणि तेही हातात पडत नाहीत. कारण ‘पॅकेज’ म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा १२ टक्के हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि राज्य विमा योजनेतील मालकाची ३.२५ टक्के वर्गणी हे सारे बहुधा त्याच आकड्यात धरलेले असते. उदाहरणादाखल मूळ वेतन १२ हजार मानले, तर निधीचे १,४४०, ग्रॅच्युइटीचे सुमारे ५७७ आणि विम्याचे सुमारे ५९८ रुपये आधीच बाजूला पडतात. उरलेले १८,३८५ रुपये हा एकूण पगार. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा पुन्हा १,४४०, राज्य विम्याचे ०.७५ टक्क्यांप्रमाणे सुमारे १३८ आणि व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. खात्यावर जमा होतात साधारण १६ हजार ६०० रुपये. महिलांना दरमहा २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर माफ आहे, त्यामुळे त्यांच्या हाती २०० रुपये अधिक येतात. प्राप्तिकराचा प्रश्न या पगारात येत नाही.

निधीत जाणारी रक्कम बुडत नाही, ती बचतच आहे, आणि राज्य विम्यामुळे कुटुंबाला वैद्यकीय उपचारांचा हक्क मिळतो. पण घरभाडे त्यातून देता येत नाही.

पुण्यात एकट्या मुलाने ‘कॉट बेसिस’वर राहायचे ठरविले आणि त्यासाठी साडेपाच हजार, दोन वेळच्या मेससाठी साडेतीन हजार धरले, पीएमपीच्या मासिक पासासाठी १ जून २०२५ पासूनच्या दराने दीड हजार, नाश्ता, मोबाईल, कपडे धुणे आणि किरकोळ औषधपाणी यांसाठी दोन हजार. बेरीज साडेबारा हजार. उरतात चार हजारांच्या आसपास. गावी दोन फेऱ्या झाल्या, एखादा सण आला, की त्यातलेही संपतात. शैक्षणिक कर्जाचा किंवा दुचाकीचा हप्ता असेल, तर महिना अखेरीस उसनवारी ठरलेली. म्हणजे पहिला पगार एकट्याला जगवितो, घराला हातभार लावीत नाही. घरी पैसे पाठविण्याच्या अपेक्षेने मुलाला पुण्याला धाडणाऱ्या पालकांनी निदान पहिली दीड-दोन वर्षे ती अपेक्षा बाजूला ठेवलेली बरी.

डोंगरावरचा धंदा

मग घरीच राहून काम केले तर? घरभाडे नाही, मेस नाही. हा विचार चुकीचा नाही, पण त्याचे गणित निराळे आहे. केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. बांधकामे आणि उद्योग यांवर त्यामुळे निर्बंध आले. हिंजवडीसारखी काचेची कार्यालये येथे उभी राहणार नाहीत, आणि राहू नयेत, असेच बहुतेकांना वाटते. काम आहे ते हॉटेले, शाळा, बॅंका, पतसंस्था, दुकाने आणि सेवा केंद्रे यांचे. त्यांपैकी फार थोडे जण पूर्णवेळ माणूस पगारावर ठेवतात. बाकीच्यांना वार्षिक देखभाल करार, म्हणजेच ‘एएमसी’ परवडतो. येथील तंत्रज्ञ अर्धा नोकरदार आणि अर्धा धंदेवाईक असतो.

या धंद्याची मेख पावसात आहे. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तर एका दिवसात ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. अशा हवेत जोडांना गंज चढतो, बंद ठेवलेल्या यंत्रांत ओल धरते, विजेच्या लपंडावाने यूपीएसच्या बॅटऱ्या दगावतात, कडाडणाऱ्या विजेने स्विच आणि राउटर जळतात. झाड पडले की फायबर तुटते. यंत्रे सर्वाधिक बिघडतात ती जून ते सप्टेंबर या काळात, आणि नेमक्या त्याच काळात पर्यटक रोडावल्याने हॉटेलचालकाचा गल्ला रिकामा असतो. कामाचा हंगाम आणि पैशाचा हंगाम येथे जुळत नाहीत. बिल दिवाळीपर्यंत लांबते; राउटर मात्र रोखीने आणावा लागतो. म्हणूनच कराराचे पैसे मे महिन्याच्या गर्दीत आगाऊ घेणे, बदललेल्या भागांची किंमत करारात न धरणे आणि रात्री-अपरात्रीच्या बोलावण्याचा दर आधीच कागदावर आणणे या तीन गोष्टींवर या धंद्याचे तरणे-बुडणे ठरते. तंत्रज्ञान येत असूनही धंदा मोडतो, तो बहुधा येथेच.

कामाला मात्र तोटा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा बिलिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमधील दर बदलावे लागले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार थांबविला. अनेक जुने संगणक विंडोज-११ च्या अटींत बसत नाहीत. कोणता संगणक वाचवायचा आणि कोणता बदलायचा, हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस गावात हवाच आहे.

प्रमाणपत्र कोणते?

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जवळ आहे, म्हणजे संगणक दुरुस्त करता येतो, हा समज अजून पुरता गेलेला नाही. तो अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवितो. दुरुस्ती आणि नेटवर्किंगसाठी आयटीआयमधील ‘आयसीटीएसएम’ हा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम किंवा तीन वर्षांची तंत्रनिकेतनातील पदविका उपयोगी पडते. खासगी प्रमाणपत्रांत हार्डवेअरसाठी ‘कॉम्पटिया ए प्लस’ आणि नेटवर्किंगसाठी ‘सीसीएनए’ ही नावे कंपन्या ओळखतात. सीसीएनएच्या परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांहून अधिक आहे. वर काढलेल्या १६ हजार ६०० रुपयांच्या शेजारी हा आकडा ठेवला, की परीक्षा कधी द्यायची याचे उत्तर मिळते. नोकरीपूर्वी कर्ज काढून देण्यापेक्षा वर्षभर केबल आणि स्विच हाताळून मग दिलेली परीक्षा बहुधा पहिल्या प्रयत्नात सुटते. ‘प्रमाणपत्रासह शंभर टक्के नोकरी’ अशी हमी देणाऱ्या संस्थांपासून दूर राहावे.

राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. यावर संसार होत नाही, मात्र कार्यालयीन यंत्रणा हाताळल्याचा अनुभव बायोडाटात येतो.

खरा फरक पडतो तो ‘एल-१’वरून वर सरकल्यावर. पासवर्ड बदलून देण्यासारखी कामे आता यंत्रेच करू लागली आहेत. त्याच पायरीवर तीन-चार वर्षे काढणाऱ्याला पगारवाढ तर मिळत नाहीच, जागाही राहील याचा भरवसा नाही. सर्व्हर, क्लाऊड, नेटवर्क सुरक्षा यांपैकी एखादा विषय धरून दीड-दोन वर्षांत दुसरी पायरी गाठणारा पुढच्या कंपनीत बऱ्यापैकी वाढ मागू शकतो. इंग्रजी संभाषणाचा अडसर येथे जाणवतो. तो व्याकरणाचा कमी आणि सवयीचा अधिक असतो. हंगामात परप्रांतीय पर्यटकांशी बोलणाऱ्या येथील मुलांना ती सवय अनेकदा शहरातल्या मुलांहून आधी लागते.

नेमणूकपत्र हाती आल्यावर पहिल्या पानावरील वार्षिक आकडा सोडून शेवटचे परिशिष्ट वाचावे. मूळ वेतन किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग ‘पॅकेज’मध्ये धरला आहे का, रात्रपाळीचा भत्ता आणि घरापर्यंत वाहन मिळते का, नोकरी कंपनीची की तिच्या कंत्राटदाराची, आणि मुदतीआधी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे तेथेच असते. शैक्षणिक कागदपत्रांच्या फक्त प्रती द्याव्यात. मूळ प्रमाणपत्रे किंवा अनामत रक्कम मागणारी नोकरी तेथेच नाकारावी.