जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या नंबरप्लेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या ब्रिटिश गाडीचं वय विचारलं, की जाणकार म्हणवणारेही आधी नंबरप्लेटकडे बोट दाखवतात. प्लेटवरून पुष्कळ कळतं, पण ती वाचण्याचे नियम दर काही वर्षांनी बदलले आहेत. ते ठाऊक नसतील तर गिऱ्हाईक हमखास फसतं.

गैरसमज : प्लेटवरच्या अक्षरावरून साल कळतं.
वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये नोंदणी सक्तीची झाली 1 जानेवारी 1904 पासून. सालाचं अक्षर मात्र आलं 1963 मध्ये, तेही आधी मिडलसेक्समध्ये. सगळीकडे ते लागू व्हायला 1965 उजाडलं. त्याआधीची अक्षरं सांगतात ती नोंदणीची जागा. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधल्या पहिल्या मॉरिस मिनीचा नंबर आहे ‘621 एओके’. यातलं ‘ओके’ म्हणजे बर्मिंगहॅम. 1959 हे साल त्या प्लेटवर कुठेच नाही. त्यासाठी बर्मिंगहॅमची कोणती मालिका केव्हा चालू होती, हे पाहावं लागतं.

गैरसमज : एक अक्षर म्हणजे जानेवारी ते डिसेंबर.
वस्तुस्थिती : हे 1966 च्या ‘डी’पर्यंतच खरं. ‘ई’ सातच महिने चाललं आणि 1 ऑगस्ट 1967 ला ‘एफ’ सुरू झालं. म्हणून ‘एफ’ची गाडी 1967 चीही असू शकते आणि 1968 चीही. शिवाय अक्षर कुठे आहे तेही पाहावं. शेवटी ‘ए’ असेल तर 1963. तेच सुरुवातीला असेल तर ऑगस्ट 1983 नंतरचं. एका अक्षराच्या जागेने वीस वर्षांचा फरक पडतो!

गैरसमज : दोनच अक्षरं, म्हणजे गाडी 1932 पूर्वीची.
वस्तुस्थिती : 1932 मध्ये नंबर संपले ते स्टॅफर्डशरचे, आणि तिथे तीन अक्षरांची मालिका सुरू झाली. गाड्या कमी असलेल्या काही स्कॉटिश काउंट्यांत दोन अक्षरं 1960 च्या दशकापर्यंत पुरली.

गैरसमज : काळी प्लेट, म्हणजे गाडी 1973 पूर्वीची.
वस्तुस्थिती : पुढे पांढरी, मागे पिवळी अशी परावर्तक प्लेट नव्या गाड्यांना 1973 पासून सक्तीची झाली. पण 1980 पूर्वी बनलेली आणि ‘ऐतिहासिक’ गटात नोंदलेली गाडी आजही काळी प्लेट लावू शकते. 1978 च्या गाडीवर ती दिसली तर त्यात बेकायदा काही नाही.

गैरसमज : नंबर जुना, म्हणजे गाडीही तितकीच जुनी.
वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये नंबर एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो. गाडी आहे त्यापेक्षा नवी भासवायला कायद्याची मनाई आहे. जुनी भासवायला नाही. उत्तर आयर्लंडच्या नंबरात तर साल नसतंच, म्हणून वय झाकायला ते आवर्जून घेतले जातात. याउलट, कित्येक अस्सल जुन्या गाड्यांचा मूळ नंबरच गेलेला असतो. स्वान्सीच्या केंद्रीय दप्तरात 1983 च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत ज्यांची नोंद झाली नाही, त्यांचे नंबर रद्द झाले. अशा गाड्यांना नंतर त्यांच्या वयाला साजेसा, पण नव्याने दिलेला नंबर मिळतो.

प्लेट सांगते ती फार तर नोंदणीची तारीख. कारखान्यातून गाडी त्याआधी कितीतरी महिने बाहेर पडलेली असू शकते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी चॅसिस नंबर उत्पादकाच्या नोंदींशी ताडून पाहा, जुनं लॉगबुक मागा आणि काउंटीच्या अभिलेखागारात नोंदवही उरली असेल तर तीही तपासा. तिन्ही जुळले, तरच सांगितलेल्या सालावर विश्वास ठेवा.