आराखडा बदलायचा, पण कशाच्या आधारावर?

संस्थेत मोठा बदल करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत आराखडा तयार होतो. कोणती खाती एकत्र येणार, कोणाकडे काय जबाबदारी, काम कधी संपणार, सगळं कागदावर येतं. काही महिन्यांतच प्रत्यक्ष परिस्थिती वेगळी निघते. मग काही ठिकाणी ‘ठरलं ते ठरलं’ म्हणत तोच आराखडा रेटला जातो, तर काही ठिकाणी दर आठवड्याला नवं परिपत्रक निघतं आणि काल सांगितलेलं आज खरं उरत नाही. वाटेत दिशा बदलूनही संस्था विस्कटू नये, यासाठी काय करावं लागतं? हैदराबादच्या सत्यम कंप्युटर या सॉफ्टवेअर कंपनीचा 2009 ते 2013 हा काळ या प्रश्नासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे.

7 जानेवारी 2009 रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकेतल्या शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये मुळात नव्हतेच. काही दिवसांतच केंद्र सरकारने जुनं संचालक मंडळ बाजूला सारलं. नव्या मंडळावर आधी किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांना नेमलं आणि पाठोपाठ तरुण दास, टी. एन. मनोहरन आणि एस. बालकृष्ण मैनक यांना.

पहिली पायरी: काय हलू द्यायचं नाही?

नव्या मंडळापुढे कामांचा ढीग होता: गुन्ह्याचा तपास, खरे हिशेब, भागधारकांचे दावे, बँका, सरकार. त्यांनी दोन गोष्टी सगळ्यांच्या वर ठेवल्या. पगार वेळेवर व्हावेत आणि क्लायंट टिकावेत. सॉफ्टवेअर कंपनीकडे विकून पैसा उभा करावा अशी मोठी यंत्रसामग्री नसते. क्लायंट गेला की प्रोजेक्ट जातो आणि प्रोजेक्टबरोबर तो जाणणारी माणसंही जातात. म्हणून मंडळाने आधी बँकांकडून खेळतं भांडवल मिळवलं आणि कंपनीतच वाढलेल्या ए. एस. मूर्ती यांना मुख्य कार्यकारी अधिकारी केलं. दोषी कोण हे तपास यंत्रणांवर सोपवलं. राजू आणि इतर आरोपींना हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं ते एप्रिल 2015 मध्ये. तोवर थांबलं असतं तर वाचवायला कंपनीच उरली नसती.

पुढचे सगळे बदल या दोन गोष्टींच्या आधाराने झाले. दिशा बदलताना कोणता निर्णय बरोबर, हे मोजायला असं काहीतरी पक्कं हातात लागतं.

दुसरी पायरी: थांबणं परवडत नसेल तर क्रम उलटा करा

कंपनी विकायची तर आधी हिशेब तपासायचे आणि मग बोली मागवायची, ही नेहमीची रीत. सत्यमचे खरे हिशेब तयार व्हायला मोठा काळ लागणार होता आणि तेवढा वेळ क्लायंट देणार नव्हते. तेव्हा आधी विक्री आणि मग हिशेब असा क्रम ठरला. मागच्या काही महिन्यांच्या सरासरी भावावरून किमान किंमत ठरवण्याचा नियम इथे लावणं शक्यच नव्हतं, कारण तो भाव खोट्या आकड्यांवर उभा होता. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने त्यासाठी वाट करून दिली.

हा निर्णय मात्र परत फिरवता येणारा नव्हता. म्हणून प्रक्रिया कडक ठेवली. निवृत्त सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांची देखरेख होती आणि बंद लिफाफ्यातल्या बोलीचे नियम आधीच जाहीर होते. दुसरी बोली पहिलीच्या नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त असली तरच पुन्हा बोली लावायची होती. 13 एप्रिल 2009 रोजी टेक महिंद्राची बोली शेअरमागे 58 रुपये निघाली, तर लार्सन अँड टुब्रोची 45.90. अठ्ठावन्नचे नव्वद टक्के 52.20 होतात. दुसरी बोली त्याच्या खाली होती, त्यामुळे फेरबोलीची गरजच पडली नाही. घाईत घेतलेल्या निर्णयावर नंतर शंका येऊ नये, याची तजवीज अशी आधीच करावी लागते.

तिसरी पायरी: अंदाज कच्चा असेल तर निर्णयही मोकळा ठेवा

नव्या मालकापुढे, म्हणजे टेक महिंद्रापुढे, प्रश्न होता माणसांचा. काम कमी झालं होतं, पण किती माणसं खरोखर जास्त आहेत हे सांगेल असा भरवशाचा आकडा नव्हता. सरसकट कपात करण्याऐवजी जून 2009 मध्ये ‘व्हर्च्युअल पूल’ आला. हजारो कर्मचाऱ्यांना काही महिने मूळ वेतनावर घरी बसायला सांगितलं. काम आलं तर परत बोलावायचं, तोवर दुसरी नोकरी शोधायची मुभा.

कंपनीच्या दृष्टीने हा परत फिरवता येणारा निर्णय होता. घरी बसलेल्याच्या दृष्टीने तितका नाही. आयटीतल्या पगारात मूळ वेतन हा एक हिस्साच असतो आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्णच भरावा लागतो. निर्णय मोकळा ठेवण्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते, हे म्हणूनच आराखड्यात लिहिलं पाहिजे.

चौथी पायरी: जे परत फिरवता येत नाही ते शेवटी

कंपनीचं नाव लगेच पुसलं नाही. 2009 मध्ये ती ‘महिंद्रा सत्यम’ झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रात तिचं विलीनीकरणही लगेच केलं नाही. सुधारित हिशेब सप्टेंबर 2010 मध्ये आले. 2008-09 या एका वर्षाचा तोटा आठ हजार कोटींच्या वर निघाला. अमेरिकेतल्या भागधारकांचा दावा 2011 मध्ये साडेबारा कोटी डॉलरला मिटवण्याचं ठरलं. त्यानंतर, मार्च 2012 मध्ये विलीनीकरण जाहीर झालं आणि न्यायालयांच्या मंजुरीनंतर जून 2013 मध्ये पूर्ण झालं. महिंद्रा सत्यमच्या 17 शेअरना टेक महिंद्राचे 2 शेअर मिळाले.

मधल्या काळात एक उद्दिष्ट चक्क सोडूनही दिलं. न्यूयॉर्क शेअर बाजारातली नोंदणी टिकवायला अमेरिकी पद्धतीचे हिशेब ऑक्टोबर 2010 च्या मुदतीत द्यायचे होते. ते जमणार नाही हे कंपनीने जाहीर केलं आणि तिथली नोंदणी जाऊ दिली. प्रतिष्ठेला धक्का बसला, पण पगार आणि क्लायंट या दोन्ही गोष्टी त्या नोंदणीवर अवलंबून नव्हत्या.

आपल्या संस्थेत हे कसं करावं?

पतसंस्था असो, शाळा असो की कारखाना, आराखड्याच्या पहिल्या पानावर न हलणाऱ्या दोन-तीन गोष्टीच लिहा. बाकीच्या निर्णयांचे दोन गट करा: परत फिरवता येणारे आणि न येणारे. पहिल्या गटातले लवकर घ्या आणि प्रत्येकापुढे फेरविचाराची तारीख टाका. दुसऱ्या गटातले माहिती पक्की होईपर्यंत लांबवा. लांबवणं शक्यच नसेल, तर नियम आधी जाहीर करा आणि बाहेरचा विश्वासू माणूस देखरेखीला ठेवा. दिशा बदलली की कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी काय बदललं, काय बदललं नाही आणि का, हे सांगा. यातलं ‘काय बदललं नाही’ बहुतेक परिपत्रकांत सापडत नाही, आणि माणसं सगळ्यात आधी तेच शोधत असतात.