सूर फ्रेंच, बाटलीही फ्रेंच

ब्रिटनमधल्या एका सुपरमार्केटात चार फ्रेंच आणि चार जर्मन वाइन शेजारीशेजारी मांडल्या होत्या. किंमत आणि गोडी जोडीजोडीने सारखी. वरच्या फळीवर टेप. एक दिवस तिच्यावर ॲकॉर्डियनचे फ्रेंच सूर, दुसऱ्या दिवशी जर्मन बिअरगृहातला ब्रास बँड. असं दोन आठवडे चाललं. लेस्टर विद्यापीठातल्या ॲड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

फ्रेंच सुरांच्या दिवसांत मिळून फ्रेंच वाइनच्या ४० बाटल्या खपल्या, जर्मन अवघ्या ८. बँड वाजला त्या दिवसांत जर्मन २२, फ्रेंच १२. मग ४४ गिऱ्हाइकांना थेट विचारलं, संगीतामुळे तुमची निवड ठरली का? ‘हो’ म्हणणारे निघाले ६.

दुकान एकच आणि बाटल्या सगळ्या मिळून ८२, हे खरं. तरी मला तो सहाचा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. बाकीचे खोटं बोलत नव्हते. आपला हात कशामुळे त्या बाटलीकडे वळला, हे त्यांना उमगलंच नव्हतं.

अमेरिकी अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९७५ मध्ये म्हटलं होतं, की माणसाचा स्वभाव आणि मालाचा गुण एवढ्यावरून खरेदी समजत नाही. जागा कशी आहे, सोबत कोण आहे, वेळ किती आहे, कशासाठी घ्यायचंय आणि दुकानात शिरताना मन कसं आहे, हेही पाहावं लागतं. घरच्या चहाला साधी बिस्किटं पुरतात. पाहुणे यायचे असले की तोच माणूस महागडा पुडा उचलतो.

वेळेचं तर विशेषच. रोनाल्ड मिलीमन यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की सुपरमार्केटात संथ संगीत लावलं की माणसं सावकाश चालतात. द्रुत लयीच्या तुलनेत त्या दुकानाची विक्री ३८ टक्क्यांनी जास्त भरली. मात्र या क्षेत्रातलं सगळंच पक्कं नाही. उपाशीपोटी खरेदीला गेलेला माणूस जास्त उष्मांकाचे पदार्थ उचलतो, असं सांगणारा २०१३ चा एक गाजलेला शोधनिबंध २०१८ मध्ये मागे घेतला गेला.

वाण्याच्या दुकानात आपण यादी वाचून दाखवायचो आणि माल त्याच्या पाठीमागे असायचा. आता आपणच मालामधून ट्रॉली ढकलत फिरतो. पुढच्या खेपेला घरून लिहून नेलेली यादी आणि हातात आलेलं बिल शेजारी ठेवून पाहा. आणि दुकानात काय वाजत होतं, तेही आठवून पाहा.